पेटी की कीबोर्ड?

गेल्या वर्षी आमच्या मंडळीच्या वार्षिक सभेत वर्षभराचा जमाखर्च दहा मिनिटांत मंजूर झाला आणि 'पेटी की कीबोर्ड' या एकाच प्रश्नावर दोन तास गेले. पाळकसाहेबांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले, एकदा मध्येच प्रार्थना करून पाहिली. पण वाद काही शमला नाही. एका बाजूला पंच आणि वडीलधारी मंडळी, दुसऱ्या बाजूला आम्ही तरुण संघाचे पंधरावीस जण. एक आजी उठून म्हणाल्या, "देवाच्या घरात हा ऑर्केस्ट्रा कशाला?" त्यावर आमच्यातला एक जण म्हणाला, "आजी, अशीच रडत-रखडत गाणी म्हणत राहिलात, तर दहा वर्षांनी देवाच्या घरात नुसते बाक उरतील." दोन्ही वाक्यांना टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, अर्थात दुसऱ्या वाक्याला.

त्या टाळ्या मी उगाच वाजवल्या, असे आता मला वाटते. पहिल्या वाक्याला वाजवायला हव्या होत्या, असेही नाही. दोन्ही बाजूंनी प्रश्नच चुकीचा विचारला होता, हे सांगण्यासाठी हा लेख.

वर्गातल्या माझ्या मैत्रिणी म्हणतील, "हा तुमच्या चर्चमधला घरगुती तंटा. वार्षिकात त्याचे काय काम?" पण बायांनो, गणेशोत्सवात लेझीम की डीजे, भजनात सिनेमाची चाल चालते की नाही, हे वाद तुमच्याही गल्लीत होतातच ना? देव निराळे असले तरी भांडण एकच आहे. तेव्हा ऐकून घ्यायला हरकत नसावी.

ज्यांनी आमची उपासना पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. अहमदनगरात (आजच्या अहिल्यानगरात) अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 साली सुरू झाले. या भागातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांची मुळे त्या कामात आहेत. आमच्या मंडळीत रविवारी प्रत्येकाच्या हातात 'उपासना संगीत' हे गीतांचे पुस्तक असते. पाळकसाहेब गीताचा क्रमांक सांगतात, पेटीवर सूर धरला जातो, तबल्याची थाप पडते आणि सगळी मंडळी उभी राहून गाते. काही पदे देशी चालींवर, काही इंग्रजी चालींवर. तीन वर्षांपूर्वी आम्ही तरुणांनी वर्गणी काढून कीबोर्ड आणला. पाठोपाठ गिटार आली, ड्रम आला, भिंतीवर पडदा आला. पुस्तकाऐवजी शब्द पडद्यावर दिसू लागले. गाणी बहुतेक हिंदी किंवा इंग्रजी. कीबोर्ड वाजवायला मी बसले.

आता वडीलधाऱ्यांचा मुख्य मुद्दा घेऊ. ते म्हणतात, जुने ते पवित्र. कीबोर्ड ही उपरी वस्तू, पेटी ही आपली. मराठी माणूस तिला 'पेटी' म्हणतो, तेव्हा ती जणू आजोळच्या माजघरातूनच आली असावी असे वाटते. पण हार्मोनियम जन्मला युरोपात. पॅरिसच्या अलेक्झांडर दबेन या कारागिराने 1842 साली त्याचे पेटंट घेतले. बसून एका हाताने भाता हलवावा आणि दुसऱ्या हाताने वाजवावे, अशी त्याची सुटसुटीत आवृत्ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्यात तयार झाली. पुढे ती कीर्तनात आली, संगीत नाटकात आली, आणि भारतीय संगीतातल्या जाणकारांना मात्र बरीच वर्षे खुपत राहिली. या वाद्यावर मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, अशा कारणांवरून 1940 साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. ती सैल व्हायला 1971 साल उजाडले. म्हणजे आमच्या आजोबांच्या लहानपणी जे वाद्य रेडिओवर वर्ज्य होते, ते आज आमच्या चर्चमध्ये परंपरेचा मानबिंदू होऊन बसले आहे!

ही गंमत एकट्या पेटीची नाही. ख्रिस्ती उपासनेचा इतिहास चाळला तर असे दाखले पानोपानी सापडतात. ज्या पाइप ऑर्गनला आज जगभर चर्चचे खास वाद्य मानतात, तो झूरिकच्या मुख्य चर्चमधून 1527 साली मोडून काढला होता. त्या सुधारणेचा पुढारी झ्विंग्ली स्वतः चांगला संगीतज्ञ होता, हे विशेष. इंग्लंडात आयझॅक वॉट्सने 1707 साली आपली नवी गीते छापली, तेव्हा उपासनेत बायबलमधली स्तोत्रेच गावीत, माणसाने रचलेली पदे नकोत, असे मानणाऱ्यांचा तेथे भरणा होता. आज त्याच वॉट्सची गीते 'जुनी, भारदस्त' म्हणून गातात. रोमन कॅथलिक चर्चमध्ये दहावे पायस यांनी 1903 साली पियानोला आणि ढोलताशांसारख्या गोंगाटी वाद्यांना उपासनेत बंदी केली. साठ वर्षांनी, 1963 साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मात्र लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य स्थान द्यावे असे ठरवले. आणि गिटारचे म्हणाल, तर 'सायलेंट नाइट' हे नाताळचे गीत ऑस्ट्रियातल्या ओबरनडॉर्फ गावी 1818 च्या नाताळच्या आदल्या रात्री पहिल्यांदा गायले गेले ते गिटारवरच! आमच्या सभेत गिटारला 'हॉटेलातले वाद्य' म्हणणारे काका दर नाताळात हेच गीत डोळे मिटून गातात.

आपल्याच मातीतले दाखले घ्या. नेवासे आमच्या जिल्ह्यातले. तेथे ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली, ती ओवीत. पुढे सव्वातीनशे वर्षांनी गोव्यातल्या थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्ताची कथा मराठीत लिहायला घेतली. त्याने लॅटिन छंद घेतला नाही, इंग्रजीही घेतला नाही. त्याने ओवीच घेतली. सुमारे 11,000 ओव्यांचे त्याचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली छापले गेले. एकोणिसाव्या शतकात आमच्या नगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. कीर्तनकार उभा, साथीला टाळ-मृदंग आणि कथा येशूची. तेव्हा 'हा हरिदासी थाट आपल्याला कशाला?' असे विचारणारा एखादा काका नसेलच, असे कोण म्हणेल?

आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक! 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने मराठी ख्रिस्ती उपासनेला खऱ्या अर्थाने आवाज दिला. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांनी अभंग लिहिले, भजने लिहिली, पदे लिहिली. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य हाती घेतले, पण 1919 साली ते वारले आणि अपुरे राहिलेले ते काम लक्ष्मीबाईंनी पुरे केले. 'स्मृतिचित्रे'मुळे आपण सर्व जण लक्ष्मीबाईंना ओळखतो. सांगायचा मुद्दा असा, की आमचे वडीलधारे ज्यांना 'जुनी गीते' म्हणतात, त्यांतली कितीतरी टिळकांची आहेत, आणि टिळक लिहीत होते तेव्हा ती ताजी, करकरीत नवी होती. टिळकांच्या काळी मंडळीने 'जुने तेवढेच गाऊ' असे ठरवले असते, तर आज आम्हाला टिळकच मिळाले नसते.

एवढे वाचून तरुण संघातले माझे मित्र खूश झाले असतील. त्यांनी जरा थांबावे.

नव्या गाण्यांवर जे आरोप होतात, त्यांतले बरेचसे लटके आहेत हे मी मान्य करते. 'एकच ओळ दहादा म्हणता' हा त्यांतला एक. पण कीर्तनातला गजर तरी दुसरे काय करतो? ध्रुपद कडव्यागणिक परत येते, म्हणून तर ते ध्रुपद. 'सगळे मी आणि माझे चालले आहे' हा दुसरा. पण तुकोबाही 'मी' म्हणूनच देवाशी बोलतात, भांडतातसुद्धा. 'अंग हलवून गाता' हा तिसरा आरोप. तो करणाऱ्यांनी एकदा आषाढीच्या वाटेवर उभे राहावे.

तरीही हे आरोप झटकून झाल्यावर दोन गोष्टी शिल्लक राहतात, आणि त्या मला गेले वर्षभर टोचत आहेत.

पहिली गोष्ट भाषेची. आम्ही गातो ती गाणी ऑस्ट्रेलियातली, अमेरिकेतली. नाहीतर त्यांचीच हिंदी रूपांतरे. सिडनीत एखादे गाणे निघाले की काही दिवसांत ते आमच्या मोबाइलवर येते आणि पुढच्या रविवारी पडद्यावर. क्वचित कोणी त्याचे मराठी करतो, तेव्हा काय होते पाहा. इंग्रजी चालीत ठोका ठरावीक जागी पडतो. तेथे इंग्रजी कवीने वजनदार शब्द बसवलेला असतो. मराठी शब्द भरताना नेमका त्या जागी 'च्या' येतो, 'ला' येतो, 'नी' येतो. मग मंडळी सगळा जीव ओतून 'च्याऽऽ' गाते! कुठे श्वास शब्दाच्या मध्येच तुटतो आणि अर्धा शब्द अलीकडे, अर्धा पलीकडे राहतो. पुस्तकातल्या इंग्रजी चालींवरच्या कित्येक पदांत हाच दोष आहे. त्याच पदांना आम्ही हसत होतो. मिशनरी साहेबांनी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी परकी चाल आणून तीत मराठी कोंबली, आणि आम्ही आज तेच करतो. फरक इतकाच, की तेव्हा ते जहाजातून आले, आता इंटरनेटवरून येते. याला नवे कसे म्हणायचे? आमच्या मंडळीत जुन्याचे अनुकरण करणारे काही आणि परक्याचे अनुकरण करणारे काही. नवे करणारा कोणीच नाही.

दुसरी गोष्ट गळ्याची. पेटीचा आवाज मुळात लहान. तिच्या आधाराने मंडळी गाते, पण मंडळीचा आवाज पेटीला झाकून टाकतो. आम्ही माइक, स्पीकर, ड्रम लावले तेव्हा उलटे झाले. समोरचे सहा जण गाऊ लागले आणि बाकावरचे दीडशे जण ऐकू लागले. नवे गाणे येते, महिनाभर चालते, जाते. पाठ करायची गरज नाही, कारण पडदा आहे. पडदा बंद केला तर आमच्यातल्या कोणाला कोणते गाणे पूर्ण येते? एकदा याची परीक्षा झाली. नेवासे तालुक्यात माझ्या आजोळी आजी फार आजारी होती. मामी म्हणाली, "पोरी, तू देवळात बाजा वाजवतेस ना? म्हण काहीतरी आजीसाठी." मी एक कडवे म्हटले आणि थांबले. पुढचे आठवेना. मोबाइलला रेंज नव्हती. तेवढ्यात आजीनेच डोळे न उघडता एक जुने पद सुरू केले आणि शेवटपर्यंत म्हटले. तिला त्या दिवसांत माझे नाव आठवत नव्हते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या अखेरच्या दुखण्यात माझ्या तोंडी कोणते गाणे येईल, हा प्रश्न विशीतल्या मुलीने स्वतःला विचारावा असा नाही. पण तो मनात आला खरा.

परत आल्यावर पहिल्यांदा मला एक गोष्ट दिसली, जी इतके दिवस डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती. आमच्या मंडळीत चाळीस वर्षे पेटी वाजवणारे गृहस्थ माझे सख्खे आजोबा. कीबोर्ड आला त्या रविवारी त्यांना कोणी 'उठा' म्हटले नाही. त्यांनी स्वतःच पेटीवर कापड घातले, ती मागच्या खोलीत नेऊन ठेवली आणि तिसऱ्या बाकावर येऊन बसले. घरी त्यांनी कधी तक्रार केली नाही. मी समजत होते, त्यांना पटले. आता कीबोर्डवरून मान वर करून पाहिले तर सगळी मंडळी उभी आहे, आजोबाही उभे आहेत, आणि त्यांचे ओठ मिटलेले आहेत. तीन वर्षे तो माणूस रविवारी गायला नव्हता, आणि त्याच्या नातीला ते ठाऊक नव्हते.

म्हणून मी म्हणते, सभेत प्रश्नच चुकीचा विचारला गेला. वाद्य जुने की नवे, याने काही ठरत नाही. वाद्ये येतात, शिव्या खातात, रुळतात आणि परंपरा होतात. विचारायचे ते हे: हे गीत मंडळी गाते का? आपल्या भाषेत गाते का? आणि घरी जाताना ते तिच्याबरोबर जाते का? या कसोटीला उतरेल ते गाणे ड्रमवर असले तरी उपासनेचे आहे. न उतरेल ते पेटीवर असले तरी नुसती मैफल किंवा नुसती सवय आहे.

ही कसोटी वडीलधाऱ्यांनाही लागू आहे. 'उपासना संगीत'मध्ये शेकडो गीते आहेत; त्यांतली वीस-पंचवीस आलटून पालटून म्हणायची, तीही इतकी रेंगाळत की तिसऱ्या कडव्याला मुले जांभया देतात, याला परंपरा जपणे म्हणत नाहीत. आणि चाळीस वर्षांत पेटी शिकायला किती मुले बसवली? टिळकांचे नाव घ्यायचे आणि टिळकांसारखे नवे लिहिणाऱ्याला 'आधी पुस्तकातले म्हण' असे दटावायचे, हा त्यांचा मान नव्हे.

आम्हा तरुणांना, विशेषतः कला शाखेच्या विद्यार्थ्यांना, मी एवढेच सुचवीन: आपण लिहू या. वर्गात आपण अभंगाची लक्षणे पाठ करतो, परीक्षेत पाच गुणांसाठी लिहितो आणि विसरतो. मोठ्या अभंगाच्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चार, दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक. यात प्रत्येक अक्षराला सारखाच मान असतो. एकाला ठोका आणि दुसऱ्याला चिमटा, असा प्रकार नाही. म्हणून तर अडाणी मानल्या गेलेल्या माणसांनीही तो सहज गायला. एवढे सोपे, घरचे माप हाताशी असताना आपण सिडनीहून अंगरखा मागवतो आणि तो अंगाला बसत नाही म्हणून रडतो.

उपदेश करणाऱ्याने आधी करून दाखवावे, असा दंडक आहे. म्हणून शेवटी माझी फजिती सांगते. मी एक अभंग लिहिला आणि भीत भीत आजोबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, "ठोके मोजून लिहिलेस. अक्षरे मोज." दुसऱ्या कडव्यात सातवे अक्षर घुसले होते. ते काढले. मग मी विचारले, "आजोबा, चाल तुम्ही लावाल?" ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी मागच्या खोलीतली पेटी घरी आली होती. भात्याला एक बारीक भोक पडले होते. त्यावर त्यांनी कागद चिकटवला.

पुढे एका रविवारी ते पद मंडळीत म्हटले. पेटीवर आजोबा, कीबोर्डवर मी, गिटार हळू, ड्रमला सुट्टी. पडद्यावर शब्द ठेवले नाहीत. धड्यासारखे आधी एकेक ओळ सांगितली आणि मंडळीने मागून म्हटली. खरे सांगायचे तर फारसे जमले नाही. पेटी आणि कीबोर्ड यांचा सूर जुळायला वेळ लागला, तिसरे कडवे मंडळी चुकली, आणि माझे यमकही एका ठिकाणी ओढूनताणून आणलेले होते, हे मला गाताना कळले. उपासना संपल्यावर गिटारविरोधी काका जवळ आले आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी पुन्हा घ्या. दुसरी ओळ माझी अजून पाठ झाली नाही."

यंदाची वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे. विषयपत्रिकेवर पुन्हा तोच विषय येणार, असे ऐकते. आला तर मी टाळ्या वाजवणार नाही. उभी राहून एवढेच विचारीन, की येत्या वर्षात मंडळीतले कोण कोण नवे पद लिहिणार आहे, आणि पेटी शिकायला कोणाची मुले येणार आहेत. जमाखर्चाला दहा मिनिटे पुरतात. या दोन प्रश्नांना दोन तास लागले तरी चालतील.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला